मुलाच्या डोक्यात विचार येतो कोठून?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सोलापुरातील आमच्या युनियनच्या कचेरीत एक विडीकामगार बाई आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मजुरीची किंवा फंडाची तक्रार असेल असे समजून आम्ही वही पुढे ओढली. पण तक्रार निराळी होती. शाळेत बोलावून त्यांना सांगण्यात आले होते की, मुलगा स्वभावाने चांगला आहे, खोडकर नाही, पण त्याला डोके नाही. उगाच पुढे रेटू नका. बाई म्हणाल्या, "अण्णा, डोकं नाही म्हंजे काय? पोटात असताना माझं काही चुकलं का?"

या प्रश्नाला आम्ही त्या दिवशी धड उत्तर देऊ शकलो नाही. आज जे सांगणार आहोत ते त्या बाईंना द्यावयाचे राहून गेलेले उत्तरच समजा.

आम्ही डॉक्टर नव्हे, की मानसशास्त्राचे पदवीधर नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि संपाच्या मंडपात झाले. तेव्हा मेंदूविषयी बोलण्याचा यांना अधिकार काय, असे कोणी विचारले तर ते रास्तच होईल. अधिकार एवढाच की, ज्यांना डोके नाही असे ठरविले जाते त्या मुलांच्या रांगेत आम्ही स्वतः बसलेलो आहोत, आणि पुढील तीस वर्षे त्यांच्या आयाबापांत वावरलो आहोत.

प्रथम मेंदूचे थोडेसे. नुकत्याच जन्मलेल्या मुलाच्या मेंदूचे वजन साडेतीनशे-चारशे ग्रॅम भरते, म्हणजे मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे पाव हिस्सा. सहाव्या वर्षापर्यंत तो नव्वद टक्के वाढलेला असतो. हात, पाय, छाती यांना पुरी वाढ होण्यास पुढची दहा-बारा वर्षे लागतात. मेंदू मात्र घाईत असतो. या घाईला इंधनही तसेच लागते. पाच वर्षांच्या मुलाचे शरीर दिवसभरात जेवढी शक्ती खर्च करते, तिच्यातील चाळीस टक्क्यांहून अधिक एकटा मेंदू खातो. मूल उपाशी असले की केवळ पोट उपाशी असते असे नाही, हे एवढ्यावरून कळावे.

परंतु वजन ही काही मुख्य बाब नव्हे. मेंदूत अब्जावधी पेशी असतात, आणि एकेका पेशीचे इतर हजारो पेशींशी धागे जुळलेले असतात. शिकागो विद्यापीठातील पीटर हुटेनलोखर यांनी मृत व्यक्तींच्या मेंदूचे पातळ काप घेऊन हे जोड सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. १९७९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की, मेंदूच्या पुढच्या भागात एक-दोन वर्षांच्या मुलाचे जोड मोठ्या माणसापेक्षा सुमारे दीडपट दाट असतात. म्हणजे निसर्ग आधी भाराभर जोड निर्माण करतो आणि मग त्यांतले कित्येक मोडून टाकतो. कोणते राहावयाचे आणि कोणते मोडावयाचे, हे बऱ्याच अंशी वापरावर ठरते. माळावर पहिल्या पावसानंतर जिकडेतिकडे गवत असते. माणसे ज्या बाजूने जातात तिकडे पायवाट उरते, बाकीची बुजतात. मेंदूच्या पुढच्या भागाचे, म्हणजे जेथे संयम आणि विवेक यांचे काम चालते त्या भागाचे हे कामकाज पंचविशीपर्यंत चालू असते.

याचा एक दाखला तर आपल्या वर्णमालेतला आहे. ट आणि त यांत फरक आहे, हे आपल्याला कोणी शिकविलेले आठवत नाही. इंग्रजी माणसाला मात्र तो पुष्कळदा ऐकूच येत नाही. जॅनेट वर्कर या विदुषीने १९८४ साली कॅनडातील इंग्रजी घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतील हे दोन वर्ण ऐकविले. सहा ते आठ महिन्यांच्या जवळजवळ सर्व मुलांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या मुलांतील बहुतेकांना तो कळेनासा झाला होता. त्यांच्या घरात त्या फरकाचे काही कामच नव्हते, तेव्हा ती वाट बुजली. आपल्याही वाटा अशाच बुजलेल्या आहेत. फक्त आपल्याला त्यांचा पत्ता नाही, म्हणून दुःख नाही.

येथपर्यंत कोणी म्हणेल, ठीक आहे, कानावर आवाज पडले पाहिजेत, डोळ्यांना प्रकाश मिळाला पाहिजे; त्यात माणसांचा संबंध कोठे आला? तो संबंध रुमानियात फार महागात कळला. तेथे चाउशेस्कू यांच्या राजवटीने १९६६ साली गर्भपातावर बंदी घातली. देशाची लोकसंख्या वाढवायची होती. दारिद्र्यात वाढलेल्या घरांतून मुले सरकारी आश्रमांत येऊ लागली, आणि १९८९ च्या डिसेंबरात ती राजवट कोसळली तेव्हा या आश्रमांत लाखाहून अधिक मुले आढळली. मुलांना अन्न होते, छप्पर होते, पाळणे होते. नव्हते ते एवढेच की, रडले तर ठराविक कोणीतरी येईल, हसले तर कोणीतरी हसेल. पुष्कळ मुलांमागे एक बाई, तीही पाळीपाळीने बदलणारी.

२००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या तीन अमेरिकन संशोधकांनी बुखारेस्ट येथे सहा ते एकतीस महिन्यांची १३६ मुले निवडली. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुले पालक कुटुंबांत ठेवली, निम्मी आश्रमातच राहिली. चिठ्ठी टाकून मुलाचे नशीब ठरविणे आम्हांस आजही पटत नाही. त्यांचे म्हणणे असे की, पालक कुटुंबे तेथे जवळजवळ नव्हतीच, ती आम्हीच उभी केली, आणि आश्रमातील कोणत्याही मुलाला नंतर घर मिळत असेल तर आम्ही आड आलो नाही. असो. साडेचार वर्षांची झाल्यावर या मुलांची बुद्धिमापन चाचणी घेतली गेली. आश्रमात राहिलेल्यांची सरासरी ७३ आली, पालकांकडे गेलेल्यांची ८१, आणि जन्मापासून स्वतःच्या घरी वाढलेल्या रुमानियन मुलांची १०९. जी मुले दोन वर्षांच्या आत घरात गेली त्यांना जास्त लाभ झाला. मेंदूतील विजेच्या लहरी मोजल्या, त्यांतही तोच फरक दिसला. पाळणा, दूध आणि औषध एवढ्यावर मेंदू पुरा वाढत नाही. त्याला माणूस लागतो, आणि तोच माणूस पुन्हा पुन्हा लागतो.

आता येथे एक सावधगिरी. अशा अभ्यासांचा आधार घेऊन आजकाल महागड्या बालवर्गांचे चालक सांगतात की, पहिल्या तीन वर्षांत जे झाले ते झाले, पुढे दार बंद. हे खरे नाही. आपल्याच देशात पवन सिन्हा यांनी प्रकाश प्रकल्पात जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांवर उशिरा, आठव्या वर्षी काय नि सतराव्या वर्षी काय, शस्त्रक्रिया करवून घेतल्या. पट्टी सुटल्यावर हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखणे त्यांना लगेच जमले नाही. पण थोड्याच दिवसांत जमू लागले. दार अर्धे लोटलेले असेल, कुलूप मात्र लागलेले नसते. सातवीनंतर चाळीस वर्षांनी मेंदूवरची पुस्तके वाचणाऱ्या माणसाला तरी हे मानणे भागच आहे.

मूळ प्रश्नाकडे येऊ. त्या मुलाला डोके होते की नव्हते?

१९८० च्या दशकाच्या आरंभी ब्राझील देशात रेसिफे नावाच्या बंदराच्या शहरी तेरेझिन्या करॅहर, डेव्हिड करॅहर आणि अनालुसिया श्लीमन यांनी रस्त्यावर नारळ आणि फळे विकणारी पाच मुले गाठली. वय नऊ ते पंधरा. संशोधक गिऱ्हाईक म्हणून गेले आणि भाव विचारू लागले. बारा वर्षांच्या एका पोराकडे एक नारळ ३५ ला होता. चार नारळांचे किती? पोराने तोंडाने हिशेब केला: तिनाचे १०५, त्यात ३० घातले की १३५, पण नारळ ३५ चा, तेव्हा १४०. उत्तर बरोबर. काही दिवसांनी त्याच पोराला कागद-पेन्सिल देऊन ३५ गुणिले ४ करावयास सांगितले. त्याने पाच चोक वीस केले, हातचे दोन घेतले, ते तिनात आधीच मिळवून पाच केले, पुन्हा चाराने गुणले आणि २०० लिहिले. मुलगा तोच, आकडे तेच. रस्त्यावरच्या ६३ प्रश्नांपैकी या पाच मुलांची जवळजवळ सारी उत्तरे बरोबर आली. कागदावरच्या नुसत्या आकडेमोडीत शेकडा ३७ च. त्याच आकड्यांची नारळ-लिंबांची तोंडी गोष्ट करून विचारले तर शेकडा ७४.

पाच मुलांवर काय ठरते, असा आक्षेप तेव्हा घेता आला असता. आता येत नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या सुमारे चौदाशे मुलांचा असाच अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध केला. आठशे ग्रॅम बटाटे वीसच्या भावाने, एक किलो चारशे ग्रॅम कांदे पंधराच्या भावाने, दोनशेची नोट दिली तर परत किती, अशा धर्तीचे व्यवहार ही मुले कागदाशिवाय उरकतात. (१६ आणि २१ मिळून ३७, परत १६३. श्रोत्यांतील किती जणांचे तोंडी झाले, ते आम्ही विचारत नाही.) शाळेच्या पद्धतीचा साधा भागाकार मात्र त्यांतील बहुतेकांना येईना. आणि दुसरी बाजू अशी की, शाळेत जाणाऱ्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांना कागदावरची गणिते बरी आली, पण बाजारचा हिशेब जवळजवळ कोणालाच जमला नाही. दोन्हीकडे बुद्धी आहे. मधला पूल दोन्हीकडे नाही.

हे वाचले तेव्हा आम्हांला आमची १९८२ सालची सातवी आठवली. त्या वर्षी आम्ही गणितात नापास झालो आणि शाळा सुटली. त्याच वर्षी आईच्या विड्यांचा हिशेब आमच्याकडे होता. किती पान आणले, किती तंबाखू, किती विड्या वळल्या, किती काढून टाकल्या, हजारी भावाने किती मिळावयास हवे होते आणि हातात किती ठेवले गेले, हे सारे आम्ही रात्री चुलीपुढे बसून सांगत असू, आणि कारखान्याच्या कारकुनाची चूक दोनदा धरलीही होती. आमच्या गुरुजींना हे माहीत नव्हते, आणि ते सांगण्यासारखे आहे हे आम्हांला माहीत नव्हते.

म्हणून कचेरीत बसलेल्या त्या मुलाला आम्ही विचारले, "आईच्या हजार विड्यांतल्या सव्वाशे काढून टाकल्या. पंचवीसच्या किती जुड्या राहिल्या?" तो खाली बघत म्हणाला, "पस्तीस." कसे म्हणून विचारले. शंभराच्या चार, म्हणजे सव्वाशेच्या पाच, हजाराच्या चाळीस, चाळिसातून पाच गेल्या. मग कागदावर ८७५ भागिले २५ लिहून दिले. त्याने कागद बराच वेळ धरला आणि परत दिला.

यावरून आम्ही बालमजुरीचे गोडवे गात आहोत असे कृपा करून कोणी समजू नये. बाजारचा हिशेब बाजारापुरताच राहतो. त्यातून व्याज कळेल, कर्जाचा कागद कळेलच असे नाही. बीजगणित तर नाहीच. या मुलांना शाळा हवी आहे, आणि पुरती हवी आहे. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या पोराला रस्त्यावर १४० येतात आणि फळ्यावर २०० येतात, त्याच्या डोक्यात काही कमी आहे असे म्हणणे म्हणजे पूल बांधण्याचे काम टाळणे आहे.

पूल बांधतो कोण? येथे लेव वायगोट्स्की या रशियन विद्वानाची आठवण करावी लागते. हा मनुष्य १९३४ साली, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी क्षयाने गेला. लहान मुले खेळताना स्वतःशीच मोठ्याने बोलतात, हे आपण रोज पाहतो. आमच्या शेजारची चार वर्षांची मुलगी भातुकली मांडते तेव्हा म्हणते, "आता चहा ठेवू. नाही, आधी पाणी. कप कुठं गेला?" ऐकणारा कोणी नसतो. स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे यांचे १९२३ साली म्हणणे होते की, हे बाळबोध बोलणे आहे, मूल मोठे झाले की ते विरून जाते. वायगोट्स्कींनी मुलांच्या कामात मुद्दाम अडचणी घातल्या, चित्र काढताना हवी ती पेन्सिल लपविली, आणि पाहिले तो मुलांचे हे बोलणे जवळजवळ दुप्पट वाढले. त्यांनी ताडले की, हे बोलणे विरत नाही. ते आत जाते. आधी आई मुलाला म्हणते, "थांब, आधी पाणी." मग मूल स्वतःला मोठ्याने म्हणते, "आधी पाणी." पुढे ते मनात म्हणते, आणि त्यालाच आपण विचार म्हणतो. मुलाच्या डोक्यातला विचार आधी दोन माणसांच्या मधे असतो.

हे एकदा ध्यानात आले की आमच्या वस्त्यांतील घरांकडे निराळ्या नजरेने पाहावे लागते. विडी वळताना हात गुंततात, जीभ मोकळी असते, असे कोणी म्हणेल. दिवसाची हजार विडी पुरी करायची असते तेव्हा मनात मोजणी चालते, मान वर होत नाही, आणि मुलाने "हे असं का?" विचारले की उत्तर येते, "गप बस." ही त्या माउलीची माया कमी म्हणून नव्हे. तिच्या मजुरीच्या दरात मुलाशी बोलण्याचा वेळ कोणी धरलेला नाही.

शाळांतून आणखी एक शेरा ऐकू येतो: या वस्तीतल्या मुलांना धीर नाही, समोर दिसले की लगेच पाहिजे. अमेरिकेत वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस यावर एक प्रयोग सुरू केला, तो पुढे फार गाजला. मुलापुढे एक गोड वडी ठेवायची. थांबलास तर दोन मिळतील, असे सांगून बाहेर जायचे. थांबणारी मुले पुढे यशस्वी होतात, असा बोलबाला झाला. २०१३ साली रॉचेस्टर येथे सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यात एक साधी गोष्ट घातली. अठ्ठावीस मुलांपैकी निम्म्यांना प्रयोगाआधी चांगले रंग आणून देतो असे वचन दिले आणि पाळले. निम्म्यांना वचन देऊन रिकाम्या हाताने परत आले. मग वडी ठेवली. वचन पाळलेली मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. फसलेली तीन मिनिटे. मुले थोडी आहेत, प्रयोग छोटा आहे, हे मान्य. पण दिवाळीचा बोनस संक्रांतीला देतो आणि संक्रांतीचा गुढीपाडव्याला, असे वर्षानुवर्षे ऐकलेल्या घरातले मूल समोरची वडी उचलते, ते अविचाराने उचलते असे आम्हांला म्हणवत नाही. त्याने विचार केलेला आहे.

आपल्या महाराष्ट्रात हे सारे पुस्तकांवाचून ओळखणाऱ्या बायका होऊन गेल्या. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस काम सुरू केले, आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ च्या सुमारास दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणारी मुले कुरणात असतात, म्हणून कुरणशाळा काढली. धाकटे भावंड सांभाळावे लागते म्हणून मुलगी येत नाही, तर शाळेला लागून पाळणाघर केले. मुलाला जे येते तेथपासून आरंभ करावयाचा, एवढे सूत्र. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारने ३३ गटांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तिच्यामुळे अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. सेविकेच्या हाताखाली मुले किती आणि तिच्या डोक्यावर नोंदवह्या किती, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

आणि आता आमची स्वतःची कबुली. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर सांगितले. १९७६ साली ती संख्या तीस झाली. परंतु घरी बसून विडी वळणारी बाई कोणत्याच भिंतीच्या आत मोजली जात नव्हती. वस्तीत पाळणाघर द्या, तेथे मुलांशी बोलणारी शिकलेली बाई नेमा, ही मागणी म्हणून आम्ही आमच्या यादीत घातली होती. ती नेहमी शेवटी असे. दर, बोनस, फंड, ओळखपत्र, औषधपाणी आणि मग पाळणाघर. मालकांशी बैठक लांबली, रात्रीचे बारा वाजले, काहीतरी सोडून द्या म्हणजे बाकीचे मिटवू असे समोरून आले, की सर्वांत आधी आम्ही जे सोडले ते पाळणाघर. एकदा नव्हे, तीनदा. दर हा पोटाचा प्रश्न आणि पाळणाघर ही सोय, असे आम्ही समजत होतो, आणि तसे भाषणांत सांगतही होतो.

तो ३५ जुड्यांचा कागद बाई शाळेत घेऊन गेल्या. बाईंनी सांगितले की, शिक्षकांनी तो दोनदा वाचला आणि मुलाला फळ्यापाशी बोलावले. पुढे काय झाले ते वर्ष संपल्यावर कळेल. दिवाळीनंतरच्या सभेत नवी यादी करण्यास बसलो, तेव्हा त्या बाई उठल्या आणि म्हणाल्या की, शेवटचे कलम वर घ्या. आमच्या सहकाऱ्यांत थोडी कुरकुर झाली. हात मोजले, आणि कलम दुसऱ्या क्रमांकावर आले. दर अजूनही पहिला आहे. वाटाघाटी चालू आहेत.